दीड धपाटं

नातीच्या डब्यात मी रोज दोन धपाटी जास्तीची घालायचो. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून एकट्यानं खायचं ही आमच्याकडची रीत न्हाय. शेजारी कुणी ना कुणी असतंच, आणि दवाखान्यात बसलेलं माणूस बहुतेक वेळा उपाशी असतं. त्याला "या जेवायला" म्हणायचं. तो नको म्हणतो. आपण पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा तो हात पुढं करतो. रानात शेळ्या राखताना मी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून अर्धी भाकरी दिली हाय. त्यात चूक असती असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

हे जे लिहायला बसलोय ते त्याच दोन धपाट्यांचं हाय. दोन न्हाय, दीड.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरानं सगळ्यांसमोर कान पिळला, त्या दिवशी शाळेकडं पाठ केली ती केली. माकणीच्या अलीकडं, धरणाच्या कडेला आमचं गाव. जन्मभर काळ्या शेळ्या राखल्या. शेळीचं बाळंतपण, मोडलेला पाय, फाटलेलं पोट, सगळं माझ्या हातानं केलं. जनावरांचा डाक्टर येईपर्यंत माझे टाके घालून झालेले असायचे. सुई उकळायची, दोरा उकळायचा, जखम मिठाच्या पाण्यानं धुवायची. दोन शेळ्या मेल्या, पण त्या टाक्यानं मेल्या न्हाईत, हे मी आजही सांगतो.

नात नऊ-दहा वर्षांची असताना एक शेळी तारेच्या कुंपणात अडकून बरगडीपासून खाली फाटली. पोरीनं शेळीचे पाय धरले. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, तोंड फिरवलं. ही मात्र बघत राहिली. शेवटचे दोन टाके राहिले तवा म्हणाली, "आबा, मी घालू?" मी सुई तिच्या हातात दिली. तिची गाठ जरा घट्ट बसली, कातडी ओढली गेली, पण टाके टिकले. पुढं ती डाक्टर झाली. मग आपरेशनचं मोठं शिक्षण घ्यायला मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. तवा मी गावभर सांगितलं की पोरगी पहिला टाका माझ्यापाशी शिकली.

आठव्या महिन्यात तिचा फोन आला. बापाला न्हाय, मला.

"आबा, मला न्यायला या."

एवढंच बोलली. मी आणि तिचा बाप जाऊन तिला घेऊन आलो. घरी आली ती सरळ गोठ्यात जाऊन बसली. दोन-दोन दिवस उभं ठेवायचे, सामानाच्या खोलीत फरशीवर दोन तास झोप मिळायची, हे तिनं थोडं थोडं करून तिच्या आईला सांगितलं. एका वरच्या डाक्टरानं सगळ्यांसमोर तिच्या हातातलं हत्यार काढून ताटात आपटलं होतं आणि म्हणाला होता, "शेळ्या राखायला जा." हे तिनं मला सांगितलं न्हाय. सुनेनं सांगितलं.

मला तिनं एकच गोष्ट दाखवली. अंगणात बसून सदऱ्याचं बटण लावत होती. दोरा सुईत जाईना. म्हणाली, "आबा, हे बघा. थरथरतात."

मी बघितलं. पानावर वारा लागावा तसे हात थरथरत होते.

त्या दिवशी मी गोठ्यातलं गोचिडाचं औषध उचललं, विळा उचलला, सगळं माळ्यावर टाकलं आणि शिडी शेजाऱ्याकडं नेऊन ठेवली. कुणी विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. सूनही तेच करत होती, तिच्या परीनं. पोरगी न्हाणीत गेली की सून दाराबाहेर काहीतरी काम काढून बसायची.

वर्षानं पोरगी आपण होऊन पुन्हा परीक्षेला बसली. पुन्हा आपरेशनच्याच शिक्षणाला नंबर लागला. ह्या वेळी धाराशिवात, एका नव्या दवाखान्यात. पुन्हा पहिल्या वर्षापासून, पुन्हा सगळ्यांत खालची. तिचा बाप म्हणाला, "कशाला तो ताप? गावात खोली घे, तापखोकला बघ, लोकं येतील." तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "ती जाईल. मी संगं जातो."

घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं न्हाय. बोललो ते मी बोललो होतो. आता पोरीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या डोक्यावर होतं.

दवाखान्याच्या पाठीमागं एक खोली घेतली. स्वयंपाक मला येतो. बायको गेल्यापासून मी कुणाच्या हाताची वाट बघितली न्हाय. सकाळी सहाला ती जायची. नऊच्या सुमाराला मी डबा घेऊन वार्डाबाहेरच्या बाकड्यावर बसायचो. ती पळत यायची, पाच-सहा मिनिटांत खायची आणि पळत जायची. खाताना सुद्धा एका हातानं बाकड्याच्या दांडीला दोरा गुंडाळून गाठी मारायची, एका हाताच्या गाठी. त्या दांडीला इतके दोरे झाले की झाडणारी बाई म्हणायची, "आबा, नवस बोललाव का काय?"

नवा दवाखाना म्हणजे पोरीला सगळंच नवं. कोणती किल्ली कुणाकडं, कोणता कागद कोणत्या खिडकीत, कोणती सिस्टर कशानं चिडते. तिच्यापेक्षा वयानं लहान पोरं तिला हुकूम सोडायची. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या सरांनी तिला विचारलं होतं, "एकदा सोडून आलात. इथं टिकाल?" तिनं काय उत्तर दिलं ते मला कळलं न्हाय. सर म्हणाले होते, "सुरी नंतर. आधी पेशंट तयार करायला शिका." म्हणून तीन आठवडे ती तेच करत होती. रक्त तपासायला पाठवायचं, सह्या घ्यायच्या, काय खाल्लं काय प्यालं विचारायचं, कागदावर खुणा करायच्या.

रोज ती वार्डातून बाहेर येताना मी आधी तिचे हात बघायचो आणि मग तोंड. बाकड्यावर बसलेल्यांना मी सांगायचो, आत जी उंच पोरगी हाय ती माझी नात. सांगताना छाती फुगायची, पण पोटात भीतीच असायची. फोन वाजला की वाटायचं, आता म्हणंल, न्यायला या.

त्या बाकड्यावर तीन दिवस माझ्या शेजारी येरमाळ्याचा एक पिंजारी होता. गाद्या भरायचा, शिवायचा. गठ्ठे उचलून उचलून त्याच्या जांघेत आतडं उतरलं होतं. हर्निया म्हणतात त्याला. माझ्याच वयाचा, पांढरी मिशी, बोलायला गोड. सगळा वार्ड त्याला चाचा म्हणायचा. खाटेवर करमत न्हाय म्हणून बाहेर येऊन बसायचा. सुईचा विषय निघाला आणि आमचं जमलं.

"तुमची शेळी वरडती, लाथा झाडती," चाचा म्हणाला. "तिथं टाका सरळ कसा येणार? माझी गादी गप पडून ऱ्हाते."

"तुमची गादी मरत न्हाय, चाचा."

"ते बी खरं हाय." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "नातीला सांगून ठेवा पाव्हणं, दोरा कमी पडला तर माझ्या पिशवीत रीळ हाय. गादीचा दोरा. नातवंडं मोठी होत्याल, टाका सुटायचा न्हाय."

त्याचं आपरेशन ठरलं त्या दिवशी सकाळी आठला त्याला आत न्यायचं होतं. पण सातला हायवेवर धडक झालेला एक माणूस आला आणि आपरेशनची खोली त्यालाच लागली. साडेनऊ झाले, दहा झाले. चाचा आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता. पाणी सुद्धा न्हाय. ओठ सुकले होते. वार्ड झाडायला काढला म्हणून तो बाहेर येऊन माझ्यापाशी बसला.

"रोजा बरा, पाव्हणं," म्हणाला. "सोडायची वेळ तरी ठाऊक असती. इथला सूर्य डाक्टरच्या हातात."

बाकड्यावर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची एक बाई पण असायची. तिचा नवरा वार्डात होता. ती रिपोर्ट आणायला खालच्या खिडकीकडं गेली होती. नात काही खायला आली न्हाय. आतच अडकली असंल, असं मला वाटलं. डबा गार होत होता. मला भूक लागली म्हणून मी डबा उघडला. लसूण, तीळ, कोथिंबीर घातलेली धपाटी, वर दही. चाचानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

ते मला सहन झालं न्हाय. माझ्या डब्यापुढं माणूस तोंड फिरवतो म्हणजे काय?

"या चाचा जेवायला."

"नको, नको. डाक्टरीणबाईनं बजावलंय."

"आपरेशन जांघेचं हाय. तोंडाचा काय संबंध? मी पन्नास वर्षं बोकडं खच्ची केली, एकाला उपाशी ठेवलं न्हाय. उपाशी जनावर उलट जास्त गळतं."

"रागावतील, पाव्हणं."

"कोण रागावंल? ती डाक्टरीण माझीच नात हाय. मी सांगतो तिला."

चाचा हसला. "मग तर घरचाच दवाखाना झाला की." आणि तिसऱ्यांदा म्हणल्यावर त्यानं हात पुढं केला.

खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतका भुकेला होता. मला लई बरं वाटलं. एक धपाटं संपलं, दुसरं अर्धं झालं. बाटलीतलं निम्मं पाणी प्याला. तेवढ्यात आतून सिस्टरनं त्याच्या खाटेचा नंबर पुकारला. चाचा दचकून उठला. उरलेलं अर्धं मी त्याच्या हातातून घेऊन झाकणात ठेवलं आणि हळूच म्हणालो, "कुणी इचारलं तर न्हाय म्हणा. उगं बोलणी खाताल."

हे वाक्य माझंच. दुसऱ्या कुणाचं न्हाय.

नात बाहेर आली. हातात कागद, डोक्याला हिरवी टोपी. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचं तोंड मोकळं दिसत होतं. चाचाकडं जाता जाता माझ्याकडं वाकून म्हणाली, "आबा, आज मी करणार. सर समोर असतील, पण हात माझे. सकाळीच सांगितलं सरांनी."

तिनं कागदाकडं बघत विचारलं, "चाचा, काल संध्याकाळपासून काही खाल्लं? पाणी, चहा?"

चाचानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला.

तिनं कागदावर खूण केली. चाचाला ढकलगाडीवर झोपवलं आणि नेलं. जाताना त्यानं माझ्याकडं बघून बोटांनी सुई ओढल्यासारखं केलं. मी पण केलं. मला वाटत होतं, आजच्यासारखा दिवस न्हाय. पोरीचे हात सरळ होते. मी नीट बघितले होते.

वाशीची बाई रिपोर्ट घेऊन आली, टेकली, आणि तिची नजर झाकणातल्या अर्ध्या धपाट्यावर गेली.

"हे कुणी उष्टं टाकलं?"

"चाचा खात होता. मधीच नंबर आला."

बाई उठून उभीच राहिली. "चाचाला दिलं? आता? त्येला तर आत न्हेलंय!"

"मग?"

"आवो आबा, परवा माझ्या मालकानं नुसता दोन घोट चहा घेतला, तर डाक्टरनं आपरेशन रद्द केलं. सिस्टरनं मला हितं उभं करून सांगितलं. भूल दिली की माणसाला ध्यान ऱ्हात न्हाय. पोटातलं वर येतं आन् छातीत उतरतं. माणूस गुदमरून जातो टेबलावर."

"पण भूल तर कमरेत सुई टोचून देत्यात म्हणं."

"ती लागू पडली न्हाय तर पुरी भूल देत्यात. माझ्या मालकाला तसंच सांगितलंय." तिनं तोंडावर पदर घेतला. "तुमाला नातीनं सांगितलं न्हाय व्हय?"

नातीनं सांगितलं न्हाय, कारण मी कधी विचारलं न्हाय. मी तिला रोज सांगायचो, शेळीचं कसं करायचं ते.

माझे पाय गार पडले. म्हातारपणात पाय गार पडतातच, पण हे तसं न्हाय. गुडघ्यापासून खाली पाय हायत का न्हाईत ते कळेना. समोरच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता.

मी बसून राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी लगेच उठलो न्हाय. मी हिशोब करत बसलो. सांगितलं तर पोरीनं मारलेली खूण खोटी ठरते. सर म्हणतील, साधं विचारता येत न्हाय, हिला सुरी कशाला द्यायची? मग तिचे हात पुन्हा थरथरतील, मग ती गोठ्यात जाऊन बसंल, आणि घरी माळा काही फार उंच न्हाय. आणि न्हाय सांगितलं तर कदाचित काहीच होणार न्हाय. सगळ्यांचं पोटातलं थोडंच वर येतं. दीडच तर धपाटं. मी स्वतःला असं समजावत होतो आणि मला चाचाचा हात दिसत होता, तिसऱ्यांदा म्हणल्यावर पुढं आलेला.

वाशीची बाई म्हणाली, "आबा, उठा. न्हायतर मी जाते."

त्या बाईचे उपकार. मी उठलो.

दारापाशी चपलांची रांग होती. पहारेकऱ्यानं हात आडवा केला, "ओ बाबा, आत जायचं न्हाय." मी त्याचा हात बाजूला सारला आणि दारावर थापा मारल्या, जोरात, जसं शेळी विहिरीत पडल्यावर शेजाऱ्याचं दार वाजवतो तसं. सिस्टर बाहेर आली, "काय लावलंय आबा!" मी म्हणालो, "थांबवा. आधी थांबवा." मग मोठे सरच बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली करत.

"काय झालं?"

"साहेब, त्यानं खाल्लंय. चाचानं. दीड धपाटं, दही. पाणी बी प्यालाय. आत्ताच, दहाच्या नंतर."

सर मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "थांबा. सुई द्यायची नाही." आतून कुणीतरी "हो सर" म्हणालं. मग ते माझ्याकडं वळले. "कुणी दिलं?"

"म्या."

"त्यांना विचारलं होतं. नाही म्हणाले ते."

"म्याच सांगितलं न्हाय म्हणायला. पोरीनं... डाक्टरीणबाईंनी बरोबर इचारलं साहेब. त्यांचा कायबी कसूर न्हाय."

"तुम्ही कोण पेशंटचे?"

"कुणी न्हाय."

"मग इथल्या कुणाचे?"

तीन आठवडे जो दिसंल त्याला मी सांगत होतो, माझी नात, माझी नात. झाडणाऱ्या बाईला सांगितलं, पहारेकऱ्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. आणि आता विचारणारा विचारत होता तर माझ्या तोंडातून निघालं, "कुणाचा न्हाय साहेब. बाकड्यावरचा माणूस हाय."

सरांच्या पाठीमागं ती उभी होती. अंगात हिरवा झगा, दोन्ही हात छातीपाशी वर धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. फक्त डोळे दिसत होते.

"सर," ती म्हणाली, "हे माझे आजोबा आहेत."

सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पेशंटच्या मिशीला दही आहे," ते तिला म्हणाले. "मी आत्ता बघितलं. तुम्ही कागदाकडं बघून विचारलंत. माणसाकडं बघून विचारायचं." मग म्हणाले, "आजचं रद्द. उद्या पहिला नंबर. मी करेन."

मी करेन. तेवढ्या दोन शब्दांत तिचं आपरेशन तिच्या हातातून गेलं. माझ्या डोळ्यांसमोर गेलं.

मग सर मला म्हणाले, "आणि आजोबा, उद्या सकाळी सहापासून तुम्ही त्यांच्या खाटेपाशी बसायचं. त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला तर मी तुम्हाला विचारणार."

दिवसभर मी खोलीवर बसून होतो. चूल पेटवली न्हाय, म्हणजे गॅसच, पण आम्ही चूलच म्हणतो. फळीवर तिची बॅग होती. ती मी खाली काढली, मग भीती वाटली की बॅग खाली बघून तिला गावाकडं जायचं आठवंल, म्हणून परत वर ठेवली. दोनदा असं केलं. मोबाइल समोर ठेवला होता. तिच्या बापाला फोन करावा वाटलं, पण काय सांगणार? संगं आलो होतो तिला सांभाळायला.

संध्याकाळी सहाला ती अर्ध्या तासासाठी आली. बराच वेळ हात धूत राहिली. मी दारात उभा. म्हणंल आता, गावाकडं चला, असं वाटत होतं.

"आबा, तुम्ही असं कामून सांगितलं?"

"मग काय करू, माय? माणूस मेला असता."

"ते न्हाय. कुणाचा न्हाय असं कामून सांगितलं?"

मी तिला पुसायला पंचा दिला.

ती हात पुसत खाली बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिकडं मला शेळ्यावाली म्हणायचे. तवा मी पण म्हणाले होते, आमच्याकडं शेळ्याबिळ्या न्हाईत. वडील नोकरीला हायत म्हणून सांगितलं."

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली.

"भाकरी टाका," ती म्हणाली. "भूक लागलीय. सकाळपासून काही न्हाय पोटात. माझी धपाटी तुम्ही वाटून टाकली."

भाकरी थापताना मी पहिल्यांदा माझे हात बघितले. ते थरथरत होते. ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच मी चाचाच्या खाटेपाशी जाऊन बसलो. चाचा माझ्यावर रागावला होता, पण बोलल्याशिवाय राहवत न्हाय असं माणूस.

"तुमच्या दीड धपाट्यापायी माझा आजून एक रोजा वाढला, पाव्हणं."

"व्हय."

"घोटभर पाणी द्या."

"न्हाय."

"ओठ तरी वले करू द्या."

"न्हाय म्हणलं ना."

"या अल्ला! काल पोटात कोंबत होता, आज थुंकीवर पहारा!" समोरच्या खाटेवरचा माणूस हसला, सिस्टर हसली. मला हसू आलं न्हाय. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, डोळा न हलवता. चूळ भरायला गेला तरी पाठोपाठ गेलो.

आठला नात आली. ह्या वेळी कागद काखेत होता. ती चाचाच्या तोंडासमोर वाकली. "चाचा, काय खाल्लं, काय प्यालं?"

"ह्या पहारेकऱ्याला इचारा," चाचा म्हणाला.

तिनं चाचाची मिशी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तवा कुठं तिनं खूण केली.

पुन्हा तो लाल दिवा. वाशीची बाई माझ्याजवळ बसून होती. तिनं मला चहा विचारला, मी नको म्हणालो, तिनं तीनदा विचारलं, तरी नको म्हणालो. कालच्यापेक्षा त्या दिवशी भीती जास्त होती. काल निदान काय करायचं ते ठाऊक होतं. दिवा विझला, चाचा बाहेर आला, डोळे उघडे, छाती वरखाली होत होती. मी ती छातीच बघत राहिलो. नात गाडीच्या मागून आली आणि दुसऱ्या वार्डात पळाली. माझ्याशी बोलली न्हाय.

चार दिवसांनी सिस्टरनं चाचाची पट्टी सोडली. चाचानं मान वर करून, माझा हात धरून, आपलाच टाका न्याहाळला. मोठ्या बारकाईनं, दुसऱ्याची गादी उसवून बघावी तसा.

"पाव्हणं, हिकडं या. हे बघा. ह्यातले शेवटचे दोन निराळ्या हाताचे हायत."

"कशावरनं?"

"सगळा जन्म सुईत गेला, मला सांगताव का? सगळे टाके एका मापाचे. हे दोन जरा घट्ट ओढल्यात."

मी वाकून बघितलं. कातडी जराशी ओढली गेली होती. तशीच.

त्या संध्याकाळी ती जेवत असताना मी विचारलं. ती खात राहिली. मग म्हणाली, "सर म्हणाले, शेवटचे दोन तुम्ही घाला."

"हात?"

"थरथरले."

"मग?"

"सरांनी वाट बघितली." तिनं घास घेतला. "बराच वेळ बघितली."

चाचा बरा होऊन येरमाळ्याला गेला. जाताना खरंच दोऱ्याचं रीळ माझ्या हातात देऊन गेला. नात त्याच दोऱ्यानं बाकड्याच्या दांडीला गाठी मारते. तिला अजून पूर्ण आपरेशन मिळालेलं न्हाय, आणि मिळंल तवा मी बाहेर बसलेलो असणार, पाय गार पडलेले असणार. भीती जात न्हाय. डबा उघडायच्या आधी आता मी शेजारच्याला विचारतो, तुमचं आपरेशन कधी हाय? न्हाय म्हणाला तरी सिस्टरला विचारून येतो. लोकं हसतात. हसू देत.

फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की अजून वाटतं, आता म्हणंल, न्यायला या. परवा तसाच वाजला. उचलायला मला वेळ लागला.

"आबा," ती म्हणाली, "आज धपाट्यात मीठ न्हवतं."